जमिनींत पुरलेलें एरियल

बिनतारी संदेशवहनाचा इतिहास म्हटला कीं उंच मनोरे डोळ्यांपुढें उभे राहतात. १९०१ सालीं मार्कोनी यांनीं अटलांटिक महासागरापलीकडे संदेश पाठविण्याचा निश्चय केला, तेव्हां इंग्लंडच्या पश्चिम टोंकाला पोल्डू येथें त्यांनीं दोनशें फूट उंचीच्या वीस डोलकाठ्यांचें एक वर्तुळ उभारलें होतें. सप्टेंबरांतील वादळानें तें सारें भुईसपाट केलें. तरी हिंमत न सोडतां त्याच वर्षीं डिसेंबरच्या १२ तारखेस न्यू फाउंडलंडच्या किनाऱ्यावर त्यांनीं पतंगाच्या साहाय्यानें सुमारें पांचशें फूट लांबीची तार आकाशांत चढविली, आणि त्या तारेवर पोल्डूचा संकेत ऐकल्याचें जगाला जाहीर केलें. एरियल जितकें उंच तितकें चांगलें, हा त्या दिवसापासून या शास्त्राचा जणूं पहिला पाठच ठरला. आपल्याकडे घरोघरीं नभोवाणीचे संच येऊं लागले त्या काळींही गच्चीवर दोन बांबू रोवून त्यांच्यामध्यें तांब्याची तार ताणणें हें गृहस्थाचें पहिलें काम असे. आणि शेजाऱ्याच्या बांबूपेक्षां आपला बांबू हातभर तरी उंच असावा, अशी ईर्षाही त्यांत असे.

अशा या उंचीच्या युगांत एका वृद्ध संशोधकानें नेमकी उलट गोष्ट सांगितली. तार आकाशांत चढवूं नका, ती जमिनींत पुरा. संदेश अधिक स्वच्छ ऐकूं येईल, असें त्याचें म्हणणें होतें. या संशोधकाचें नांव जेम्स हॅरिस रॉजर्स. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील मेरीलंड येथें, राजधानी वॉशिंग्टनजवळच्या हायट्सव्हिल नांवाच्या लहानशा गांवीं, त्यांची प्रयोगशाळा होती. पुरलेल्या तारेवर संदेश स्वच्छ ऐकूं येतो हें त्यांचें एक विधान. आणि तो संदेश आकाशांतून नव्हे तर पृथ्वीच्या पोटांतूनच येतो, हें दुसरें. पहिलें विधान कसोटीला उतरलें, दुसरें उतरलें नाहीं. परंतु ही निवड होईपर्यंत पुष्कळ काळ गेला, आणि खऱ्याची किंमत खोट्याबरोबर बुडण्याचा प्रसंग आला. ही हकीकत शास्त्राच्या इतिहासांत फारशी सांगितली जात नाहीं. म्हणूनच ती सविस्तर पाहण्याजोगी आहे.

जमिनीचा संदेशवहनाशीं संबंध बिनतारीहून पुष्कळ जुना आहे. तारायंत्राच्या आरंभीच्या काळांत विजेचा प्रवाह एका तारेनें जावा आणि दुसऱ्या तारेनें परत यावा, अशी दोन तारांची व्यवस्था असे. १८३८ सालीं म्यूनिचचे प्राध्यापक श्टाइनहाइल हे आगगाडीच्या रुळांचा तारेऐवजीं उपयोग होतो कीं काय हें पाहत असतां त्यांच्या ध्यानांत आलें, कीं परतीच्या तारेची गरजच नाहीं. तारेचीं दोन्हीं टोंकें जमिनींत पुरलीं म्हणजे परतीचें काम जमीनच करते. निम्मी तार वांचली, आणि तारायंत्राचा खर्च एकदम उतरला. हिंदुस्थानांत तारायंत्राचा पाया घालणारे ओशॉनेसी यांनींही हुगळी नदीच्या पाण्याचा वाहक म्हणून उपयोग करून पाहिला होता. पुढें १८९२ सालीं ब्रिटिश टपाल खात्याचे मुख्य अभियंते विल्यम प्रीस यांनीं वेल्सच्या किनाऱ्यावरील लॅव्हरनॉक पॉइंटपासून फ्लॅट होम बेटापर्यंत, म्हणजे सुमारें तीन मैलांच्या खाडीपलीकडे, मध्यें तार न टाकतां संदेश पोहोंचविला. मार्कोनी यांचे प्रयोग त्याच जागीं व्हावयास अद्याप पांच वर्षें अवकाश होता.

परंतु या सर्व प्रयोगांत आणि बिनतारींत एक मूलभूत भेद आहे. श्टाइनहाइल किंवा प्रीस यांच्या रचनेंत विजेचा प्रवाह ओल्या मातींतून किंवा पाण्यांतून प्रत्यक्ष वाहत जातो, अथवा एका तारेंतील प्रवाह जवळच्या दुसऱ्या तारेंत आपला पडसाद उमटवितो. हें सामर्थ्य अंतराबरोबर झपाट्यानें ओसरतें. कांहीं मैलांच्या पलीकडे त्याचा मागमूसही लागत नाहीं. बिनतारीची लहर मात्र एकदां एरियलपासून सुटली म्हणजे स्वतंत्रपणें प्रवासाला निघते. हा भेद पहिल्या महायुद्धांत सैनिकांना फार कडू रीतीनें शिकावा लागला. खंदकांतील ब्रिटिश टेलिफोन एकाच तारेवर चालत, परतीचा मार्ग जमिनीचा असे. आणि त्या जमिनींतून झिरपणारा प्रवाह समोरच्या खंदकांत बसलेले जर्मन लोक, मातींत खुंट्या ठोकून व व्हॉल्व्हचीं वर्धक यंत्रें लावून, शेंकडों यार्डांवरून ऐकत. जी जमीन संदेश पोहोंचविते तीच तो शत्रूच्याही कानीं घालते. यावर उपाय म्हणून कॅप्टन फुलर यांनीं १९१५ सालीं आपलें प्रसिद्ध 'फुलरफोन' यंत्र सिद्ध केलें. उलट पक्षीं, तोफांच्या माऱ्यानें तारा तुटून गेल्या असतां जमिनींतून मुद्दाम गुणगुणणारा प्रवाह सोडून मैलभर अंतरावर संकेत पोहोंचविण्याचें तंत्रही फ्रेंच व ब्रिटिश फौजांनीं वापरलें. मातीच्या आड लपलेली तार तोफेच्या गोळ्याला सहसा सांपडत नाहीं, हा धडा त्याच रणांगणावर मिळाला.

आतां रॉजर्स यांच्याकडे वळूं. त्यांचा जन्म १८५० सालचा, टेनेसी संस्थानांतील फ्रँकलिन गांवचा. तरुणपणीं ते वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलमध्यें, म्हणजे अमेरिकन विधिमंडळाच्या इमारतींत, मुख्य वीजतंत्रज्ञ होते. टेलिफोन व छापील तारायंत्र यांसंबंधीं त्यांनीं अनेक शोध लावले आणि पेटंटें मिळविलीं. यांपैकीं टेलिफोनच्या पेटंटांवर 'पॅन-इलेक्ट्रिक' नांवाची कंपनी उभी राहिली, आणि तिचे भाग देशांतील कांहीं बड्या राजकारणी लोकांच्या हातीं गेले. त्यांतील एक गृहस्थ, ऑगस्टस गार्लंड, १८८५ सालीं अमेरिकेचे ॲटर्नी जनरल झाले. आणि ज्या बेल टेलिफोनच्या पेटंटामुळें या कंपनीची वाट अडली होती तें रद्द व्हावें म्हणून सरकारतर्फेंच दावा दाखल झाला. साहजिकच मोठा गवगवा झाला, १८८६ सालीं विधिमंडळाची चौकशी बसली, आणि कंपनीचें नांव कायमचें बदनाम झालें. शोध एकाचा, त्यावरील व्यापार दुसऱ्यांचा, आणि बोभाटा सर्वांच्या वाट्याला, असा हा अनुभव होता. त्यानंतर हायट्सव्हिलच्या शांततेंत रॉजर्स यांचे प्रयोग चालू राहिले.

या प्रयोगांची मांडणी दिसण्यांत अगदींच साधी होती. प्रयोगशाळेपासून निरनिराळ्या दिशांना कांहीं फूट खोल चर खणावयाचे, त्यांत रबराचें वेष्टन असलेली तार आंथरावयाची, वरून माती लोटावयाची, आणि तारेचीं टोंकें आंत आणून ग्राहक यंत्राला जोडावयाचीं. बाहेरून पाहणाऱ्याला तेथें बिनतारीचें केंद्र आहे अशी शंकाही येऊं नये! अशा तारांवर दूरदूरच्या केंद्रांचे संकेत ऐकूं येतात, इतकेंच नव्हे तर उन्हाळ्यांतील वादळी हवेंतही ते समजण्याइतके स्वच्छ असतात, असें रॉजर्स यांना आढळून आलें. १९१६ सालीं, वयाच्या ६६ व्या वर्षीं, त्यांनीं या पद्धतीच्या पेटंटासाठीं अर्ज केला, आणि पुढच्याच वर्षीं तें त्यांना मिळालें.

वेळ मोठी अनुकूल होती. १९१७ च्या एप्रिलांत अमेरिका महायुद्धांत उतरली. युरोपशीं दळणवळण मुख्यतः समुद्रतळींच्या तारांनीं चाले. शत्रूच्या पाणबुड्या त्या तारा तोडतील ही धास्ती सरकारच्या मनांत होती, आणि तसें झालें तर बिनतारीवांचून गति नव्हती. परंतु बिनतारीचा मोठा वैरी म्हणजे वातावरणांतील खरखर. आपल्या देशांत वळवाच्या दिवसांत मध्यम लहरींवरील कार्यक्रम ऐकणाऱ्याला या खरखरीची ओळख करून देण्याची गरज नाहीं. जगांत कोठें ना कोठें विजा सतत चमकत असतात, आणि प्रत्येक विजेबरोबर एक बेताल लहर चहूंकडे धांवत सुटते. उंच मनोरा दूरचा संदेश जितका चांगला झेलतो, तितकीच ही खरखरही झेलतो. त्यामुळें उन्हाळ्यांतील कित्येक तास महासागरापलीकडचा संदेश ऐकणें अशक्य होऊन बसे. जेथें एकेका शब्दावर जहाजांचें भवितव्य अवलंबून, तेथें असे तास वाया जाणें परवडणारें नव्हतें.

अमेरिकन नौदलानें रॉजर्स यांच्या पद्धतीची परीक्षा घेण्याचें ठरविलें. ही परीक्षा ज्यांच्याकडे आली ते ॲल्बर्ट हॉइट टेलर हे उत्तर डाकोटा विद्यापीठांत पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक होते, आणि युद्धामुळें नौदलांत दाखल झाले होते. मिशिगन सरोवराच्या कांठीं ग्रेट लेक्स येथील नौदल केंद्रावर, व पुढें न्यू जर्सीच्या किनाऱ्यावरील बेलमार येथें, टेलर यांनीं मातींत व पाण्यांत तारा टाकून पद्धतशीर मोजमापें केलीं. तार किती लांब, किती खोल, कोणत्या दिशेला, कोरड्या जमिनींत कीं ओल्या, याचा एकेक हिशेब त्यांनीं मांडला. ठराविक लहरीला तारेची ठराविक लांबीच सर्वांत सोयीची असते, त्याहून तार वाढविल्यास फायद्याऐवजीं तोटा होतो, हें या मोजमापांवरून दिसून आलें. आणि मुख्य म्हणजे, पुरलेल्या तारेवर संदेश व खरखर दोन्हीं क्षीण होतात हें खरें. परंतु खरखर अधिक क्षीण होते. व्हॉल्व्हच्या वर्धक यंत्रांनीं क्षीण झालेला संदेश पुन्हां मोठा करतां येतो. खरखरींत बुडालेला संदेश मात्र कोणत्याही यंत्राला वर काढतां येत नाहीं. म्हणून हा सौदा फायद्याचा होता. बेलमार येथें युरोपांतील मोठ्या केंद्रांचे संदेश या तारांवर ऐकले जाऊं लागले. युद्ध संपल्यावर १९१९ सालीं टेलर यांनीं आपलीं निरीक्षणें बिनतारी अभियंत्यांच्या संस्थेच्या नियतकालिकांत दोन निबंधांनीं प्रसिद्ध केलीं.

त्याच वर्षीं वृत्तपत्रें व लोकप्रिय मासिकें यांतूनही रॉजर्स यांचें नांव गाजूं लागलें. ह्यूगो गर्न्सबॅक यांच्या 'इलेक्ट्रिकल एक्स्पेरिमेंटर' मासिकानें मार्च १९१९ च्या अंकांत, अमेरिकेचा सर्वांत मोठा युद्धकालीन शोध, अशा थाटांत या भूमिगत बिनतारीचें वर्णन केलें. आतां मनोऱ्यांचे दिवस संपले, असा या लिखाणाचा रोख होता. आणि त्याबरोबरच रॉजर्स यांची उपपत्तिही वाचकांपुढें आली. ती अशी, कीं प्रेषक केंद्रांतून निघणाऱ्या शक्तीचा एक भाग वर आकाशांत जातो, तर दुसरा जमिनींत शिरून पृथ्वीच्या घन भागांतून चहूंकडे पसरतो. दूर अंतरावर खरें काम हा दुसराच भाग करतो. बिनतारीची लहर सरळ रेषेंत जाणारी असेल, तर पृथ्वीच्या वाटोळेपणाला वळसा घालून ती युरोपांतून अमेरिकेस येते कशी, हा प्रश्न त्या काळीं साऱ्यांनाच छळीत होता. रॉजर्स यांचें उत्तर सोपें होतें: ती वळसा घालतच नाहीं, आरपार येते. विशेष म्हणजे प्रसिद्ध संशोधक निकोला टेस्ला यांचेंही मत पुष्कळसें असेंच होतें. १८९९ सालच्या कॉलोराडो स्प्रिंग्ज येथील प्रयोगांपासून ते पृथ्वीला वाहक मानीत आले होते. आणि 'इलेक्ट्रिकल एक्स्पेरिमेंटर'च्या मे १९१९ च्या अंकांत त्यांनीं, खरी बिनतारी कोणती, या विषयावरील लेखांत तेंच पुन्हां प्रतिपादिलें.

प्रयोग खरा, साक्षीदार विश्वासू, आणि पाठीशीं टेस्लांसारखें नांव. मग उपपत्ति खोटी कां म्हणावी? याचें उत्तर थोड्याशा गणितांत आहे, आणि तें समजण्यास कठीण नाहीं. विजेची लहर वाहक पदार्थांत शिरली कीं तिची शक्ति त्या पदार्थांत प्रवाह उत्पन्न करण्यांत खर्च होते व शेवटीं उष्णतेच्या रूपानें नष्ट होते. प्रत्येक पदार्थांत व प्रत्येक कंपनसंख्येला एक ठराविक अंतर असतें. तेवढें अंतर गेल्यावर लहरीचा जोर एक तृतीयांशाहून थोडा अधिक इतकाच उरतो. साध्या ओलसर जमिनींत, मध्यम लहरींच्या ध्वनिक्षेपणांतील सेकंदास दहा लक्ष कंपनांच्या लहरीला, हें अंतर अवघें सोळा फूट आहे. कंपनें जितकीं मंद, तितकी लहर खोल जाते. महासागरापलीकडे पाठविण्यासाठीं त्या काळीं वापरीत त्या सेकंदास सुमारें वीस हजार कंपनांच्या लांब लहरीला हेंच अंतर सुमारें एकशें सतरा फूट भरतें. म्हणजे अशी लहर जमिनींतून एकच मैल जावयाची म्हटलें तरी तिला असे पंचेचाळीस टप्पे ओलांडावे लागतील, आणि प्रत्येक टप्प्यावर दोन-तृतीयांशाच्या जवळपास जोर गमवावा लागेल. मैलाच्या शेवटीं हातीं कांहीं उरणार नाहीं. मग फ्रान्स ते न्यू जर्सी या अंतराची गोष्ट कशाला? परंतु याच गणिताची दुसरी बाजू पाहण्यासारखी आहे. एकशें सतरा फुटांच्या हिशेबांत चार-सहा फुटांचा चर म्हणजे कांहींच नव्हे. वरून येणारी लहर तेवढ्या मातींतून जवळजवळ संपूर्ण जोरानें तारेपर्यंत पोहोंचते.

तेव्हां संदेश येत होता तो जमिनीच्या वरूनच. लहर जमिनीलगत धांवते तेव्हां तिची खालची कड मातींत रुतते आणि कांहीं शक्ति खालीं झिरपते. त्यामुळें, चिखलाच्या शेतांतून चालणारा मनुष्य जसा पुढें झुकतो तशी ती लहर आपल्या दिशेनें किंचित् पुढें कलते. या कलण्यामुळें तिच्या जोराचा एक अंश जमिनीशीं समांतर होतो, आणि तोच आडव्या तारेंत प्रवाह उठवितो. तार ज्या दिशेला पसरली असेल त्या दिशेच्या लहरींना ती ओळखते. आडव्या बाजूनें येणाऱ्या लहरींकडे तिचें फारसें लक्ष नसतें. खरखर तर दाही दिशांनीं येते. युरोपच्या रोखानें टाकलेली तार युरोप ऐकते आणि बाजूच्या वादळांकडे बव्हंशीं दुर्लक्ष करते. शिवाय विद्युद्भारित पावसाचे थेंब व धूळ उघड्या तारेवर आदळून जो आवाज करतात, तोही मातीच्या पांघरुणाखालीं बंद होतो. रॉजर्स यांच्या यशाचें रहस्य हें असें होतें. त्यांत पृथ्वीच्या पोटाचा कांहीं संबंध नव्हता. संबंध होता तो तारेच्या दिशेचा आणि पांघरुणाचा.

पृथ्वीच्या वाटोळेपणाचा प्रश्न उरला. त्याचें उत्तर जमिनींत नव्हे, आकाशांत सांपडलें. उंच वातावरणांत विद्युद्भारित हवेचा एक थर असावा व त्याला आपटून लहरी परत येत असाव्यात, असें केनेली व हेविसाइड यांनीं १९०२ सालींच सुचविलें होतें. १९२४ सालीं इंग्लंडांत ॲपलटन व बार्नेट यांनीं तो थर प्रत्यक्ष प्रयोगानें सिद्ध केला. पुढें कलकत्त्याच्या शिशिरकुमार मित्र यांनींही या थरांच्या संशोधनांत जगन्मान्य भर घातली. त्यानंतर लहरी भूगर्भांतून येतात ही कल्पना टिकणें शक्य नव्हतें.

तिच्याबरोबर पुरलेली तारही मागें पडली. याला कांहीं रास्त कारणें होतीं. ऐकण्यासाठीं चांगली असलेली ही तार संदेश पाठविण्यासाठीं मात्र फार निकृष्ट ठरते, कारण तिला दिलेली बहुतेक शक्ति भोंवतालची माती तापविण्यांतच खर्च होते. शिवाय दिशा निवडण्याचा तिचा जो मुख्य गुण, तो अधिक चांगल्या रीतीनें साधणारी दुसरी रचना लौकरच पुढें आली. हॅरल्ड बेव्हरेज या तरुण अमेरिकन अभियंत्यानें १९२१ सालीं पेटंट घेतलेलें एरियल म्हणजे जमिनीपासून थोड्याच उंचीवर, खांबांवरून सरळ दूरवर नेलेली एक लांब तार होय. कललेल्या लहरीचा आडवा अंश गोळा करण्याचेंच तत्त्व तीही वापरते; तिला कार्यक्षम होण्यासाठीं खालीं चांगली वाहक नसलेलीच जमीन लागते. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत स्कॉटलंडच्या आर्ड्रॉसन येथें तंबू ठोकून बसलेल्या पॉल गॉडली यांनीं अशाच सुमारें तेराशें फूट लांबीच्या तारेवर अमेरिकेंतील हौशी लोकांचे संकेत ऐकले. लॉंग आयलंडवरील रिव्हरहेड येथें तर या जातीचें एरियल नऊ मैल लांबीचें होतें. मनोरे वांचले, उंचीचा दिमाख गेला, आणि श्रेय दुसऱ्याला मिळालें. रॉजर्स १९२९ सालीं हायट्सव्हिल येथेंच निवर्तले. टेलर यांनीं १९२२ सालीं सहकारी लिओ यंग यांच्यासह, नदीवरून जाणाऱ्या जहाजामुळें लहरींत होणारा फेरफार टिपला. त्यांतून पुढें अमेरिकेंतील रडारचा उगम झाला, आणि टेलर यांचें नांव इतिहासांत राहिलें तें त्या कामामुळें.

परंतु लपविलेल्या तारेची गरज संपली नव्हती. दुसऱ्या महायुद्धानंतर अणुबाँबचें भय जगावर पसरलें. जे मनोरे एका स्फोटांत कोसळतील त्यांच्यावर विसंबून समुद्रांत दडलेल्या पाणबुड्यांना अखेरचा हुकूम कसा पोहोंचवावयाचा, हा प्रश्न अमेरिकन नौदलापुढें उभा राहिला. समुद्राचें खारें पाणी तर मातीहून कितीतरी अधिक वाहक. त्यांत वीस हजार कंपनांच्या लहरीला तो टप्पा जेमतेम सहा फुटांचा. कंपनसंख्या सेकंदास ७६ इतकी खालीं आणली, तर मात्र तो पंच्याण्णव फुटांपर्यंत वाढतो, आणि खोल पाणबुडीलाही संकेत मिळूं शकतो. अशा लहरीची लांबी सुमारें अडीच हजार मैल भरते. तिला साजेसें एरियल कोणता मनोरा देणार? ग्रीक वंशाचे शास्त्रज्ञ निकोलस क्रिस्तोफिलोस यांनीं सुचविलें, कीं ज्या प्रदेशाखालीं वीज सहजासहजीं न वाहूं देणारा प्राचीन कठीण खडक आहे तेथें लांब तारेचीं टोंकें जमिनींत पुरावीं; प्रवाह मग परतीसाठीं खोल खडकांतून मोठा फेरा घेईल, आणि पृथ्वीचा तो तुकडाच एरियलचा भाग होईल. १९६८ सालीं विस्कॉन्सिन राज्यासाठीं 'सँग्विन' नांवाची योजना पुढें आली. राज्याच्या सुमारें दोन-पंचमांश भूभागाखालीं सहा हजार मैल तार पुरावयाची आणि तिला ८०० मेगावॅट वीज पुरवावयाची, असा तो आराखडा होता. एखाद्या ठिकाणीं बाँब पडला तरी बाकीची तार चालू राहावी, हा हेतु.

ज्यांच्या शेतांखालून व जंगलांखालून ही तार जाणार होती त्या लोकांनीं मात्र तिला कडवा विरोध केला. जमिनींतील प्रवाहाचा माणसांवर, जनावरांवर व झाडांवर काय परिणाम होईल, हा त्यांचा एक प्रश्न; आपलें राज्य शत्रूच्या बाँबचें लक्ष्य कां व्हावें, हा दुसरा. सिनेटर गेलॉर्ड नेल्सन हे त्यांच्या बाजूनें उभे राहिले. योजना आटत आटत गेली, नांवें बदलत गेली. आणि शेवटीं १९८९ सालीं विस्कॉन्सिनमधील क्लॅम लेक व मिशिगनमधील रिपब्लिक येथें मिळून ८४ मैल तारेचें केंद्र चालू झालें. ती तार पुरलेली नव्हती, साध्या विजेच्या तारेप्रमाणें खांबांवर होती. फक्त तिचीं टोंकें जमिनींत गेलेलीं होतीं. तीन अक्षरांचा एक संकेत पोहोंचावयास सुमारें पंधरा मिनिटें लागत. सप्टेंबर २००४ अखेर हें केंद्र बंद करण्यांत आलें. यांतही लहर पृथ्वीच्या आरपार जात नव्हती. जमीन व उंच वातावरणांतील थर यांच्या पोकळींतून ती जगभर पसरे, आणि वरून समुद्रांत झिरपे. पृथ्वी एरियल होऊं शकते, परंतु रस्ता होऊं शकत नाहीं, हा टेलर यांच्या मोजमापांपासून पुढें आलेला निर्णय येथेंही कायम राहिला.

मातीच्या आड लपण्यासाठीं नव्हे, तर मातीच्या आड सांपडल्यामुळें ज्यांना बिनतारी हवी असते असेही लोक आहेत. ते म्हणजे खाणकामगार. २ जानेवारी २००६ रोजीं अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यांतील सागो येथील कोळशाच्या खाणींत स्फोट झाला. एक जण तत्काळ दगावला; बारा जण आंत अडकले. विषारी वायूपासून बचावासाठीं त्यांनीं पडद्याचा आडोसा केला, आणि वरच्या लोकांना कळावें म्हणून छताच्या लोखंडी खिळ्यांवर ते घण घालीत राहिले. वर कोणालाही तें ऐकूं गेलें नाहीं. बाहेर पडावयाचा मार्ग आहे कीं नाहीं, हें वरून त्यांना सांगण्याचेंही साधन नव्हतें. एकेचाळीस तासांच्या सुमारास मदत पोहोंचली तेव्हां त्यांपैकीं एकच जण जिवंत होता. त्याच वर्षीं अमेरिकन विधिमंडळानें कायदा करून, अपघातानंतरही चालूं शकेल अशी दुहेरी बिनतारी व्यवस्था तीन वर्षांच्या आंत प्रत्येक भूमिगत कोळसाखाणींत असली पाहिजे, असें ठरविलें.

या निमित्तानें शेंकडों फूट खडकांतून संदेश नेण्याच्या प्रयत्नांना पुन्हां जोर आला. आणि तेथें संशोधकांना त्याच जुन्या हिशेबाकडे यावें लागलें. साधा हातांतला बिनतारी संच खाणींत कांहीं वळणांपलीकडे मुका होतो, कारण त्याचीं कंपनें फार जलद असतात. कंपनें सेकंदास कांहीं हजारांवर आणलीं, वर जमिनीवर तारेचें मोठें वेटोळें पसरलें आणि खालीं दुसरें वेटोळें ठेवलें, तर मधल्या खडकांतून थोडे शब्द जाऊं शकतात. किती खोलवरून, हें खडकाच्या ओलाव्यावर व थरांवर अवलंबून असतें. हायट्सव्हिलच्या चरांत आंथरलेल्या तारेचें हें दूरचें भावंड होय, आणि त्याच्या मर्यादाही त्याच आहेत.

रॉजर्स यांच्याविषयीं न्याय करावयाचा तर त्यांचें काम आणि त्या कामाची त्यांनीं दिलेली उपपत्ति, हीं दोन्हीं वेगळीं तोलावीं लागतात. मासिकांनीं दोन्हीं एकत्र डोक्यावर घेतलीं. पुढच्या पिढीनें दोन्हीं एकत्र टाकून दिलीं. टेलर यांनीं मात्र तार पुरून पाहिली, खरखर मोजली, लांबी बदलून पुन्हां मोजली, आणि जेवढें मोजमापांत उतरलें तेवढेंच पदरांत घेतलें. महायुद्धाच्या उन्हाळ्यांत बेलमारच्या वाळूखालीं पडलेल्या तारांवर युरोपचे संदेश ऐकणाऱ्या नौसैनिकांना ते आकाशांतून येतात कीं पाताळांतून, याची विवंचना नव्हती; वादळ गरजत असतांही ते वाचतां येत होते, एवढें त्यांना पुरेसें होतें. पण पुढच्या अभियंत्याला आणि खाणींत अडकलेल्या मजुराला तेवढें पुरत नाहीं. लहर जमिनींतून कोठवर जाते आणि कोठें संपते, हें ज्याला नेमकें ठाऊक आहे, तोच त्या मजुरापर्यंत पोहोंचणारी तार टाकूं शकतो.